दारावरचा ओरखडा घरच्या घरी: कुठपर्यंत आपण, कुठून पुढे पेंटर?

जुळे_सोलापूर
नमस्कार मंडळी. हॅचबॅक आहे, सिल्व्हर मेटॅलिक, रंग अजून कंपनीचाच. डाव्या मागच्या दारावर हँडलखाली फूटभर ओरखडा. दोन्ही टोकांना नुसता पांढरट, मधे तीन-चार बोटं राखाडी दिसतंय आणि एका जागी टिकलीएवढा पत्रा उघडा. शिवाय मागच्या बंपरचा कोपरा घासलाय, तिथे काळं दिसतं. पेंटर अख्खं दार आणि अख्खा बंपर मारायचं म्हणतात. घरी शेड आहे, पाणी-वीज आहे. यातलं घरी किती होईल? टूथपेस्टने जातं म्हणतात ते खरं का?

नवीपेठेतला
लाव टूथपेस्ट. ओरखडा नाही गेला तर दार तरी वासाला चांगलं होईल बे.

वॉटरपेपर
टूथपेस्टमध्ये खडूची किंवा सिलिकाची बारीक भुकटी असते, म्हणजे ते अगदी सौम्य पॉलिशच. हँडलच्या खोबणीत नखांनी पडतात तसल्या रेघा त्याने फिकट होतात, बाकी काही नाही. तुमच्या राखाडी जागेत तर लावूच नका. ती खाचेत वाळून बसते आणि नंतर रंग तिथे धरत नाही.

आधी ओरखडा किती खोल आहे ते बघा. जागा धुऊन पुसा आणि ओलं बोट फिरवा. पाणी आहे तोवर ओरखडा गायब झाला तर तो क्लिअरकोटमध्येच, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरातच आहे. ओला असतानाही दिसला तर खाली गेलाय. मग नख आडवं ओढा. नख अडकत नसेल तर पॉलिशने काम होतं, अडकत असेल तर नुसतं घासून तो जाणार नाही.

कंपनीच्या रंगाचे थर खालून वर असे असतात: पत्र्यावर फॉस्फेट, मग सगळी बॉडी टाकीत बुडवून विजेने बसवलेला ईडी कोट सुमारे २० मायक्रॉन, त्यावर प्रायमर ३०-३५, त्यावर रंगाचा बेसकोट जेमतेम १५, आणि सगळ्यात वर क्लिअरकोट ३५ ते ५०. सगळं मिळून १०० ते १२०. आपल्या डोक्याचा एक केस ७० च्या आसपास भरतो, म्हणजे क्लिअर त्याच्या निम्मा. उन्हाला अडवणारी द्रव्यं याच क्लिअरमध्ये असतात, म्हणून गाडीच्या सगळ्या आयुष्यात मिळून ८-१० मायक्रॉनच्या वर कापू नये. दर दिवाळीला मशीन पॉलिश मारून घेतलेल्या गाड्यांच्या टपावरचे पोपडे बघा, तिथे कारण हेच असतं.

तुमचा ओरखडा एक असला तरी कामं तीन आहेत. पांढरट टोकं पॉलिशची. राखाडी भाग टचअपचा, म्हणजे बारीक ब्रशने खाचेत रंग भरायचा. पत्रा उघडा पडलाय तिथे आधी गंजाचा बंदोबस्त, मग प्रायमर, मग टचअप. तिघांना एकच इलाज लावला की काम बिघडतं.

काळी_माती
पॉलिशच्या आधी धुणं नीट सांगा त्यांना. आपल्याकडची धूळ म्हणजे काळ्या दगडाची खडी-भुकटी. होटगी रोड, अक्कलकोट रोडला क्रशरच्या आणि उसाच्या गाड्यांमागून आलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसली की शंभर नवे चरे. आधी नुसत्या पाण्याचा मारा, मग शाम्पू, दोन बादल्या. एकीत शाम्पू, दुसरीत हात आणि कपडा खंगाळायचा. पाण्याची पाळी लांबली असेल तर टाकीच्या तळाचं गाळाचं पाणी घेऊ नका, निवळलेलं वरचं घ्या.

आणि मेकॅनिककडे असतं ते यंत्रमागाचं वेस्ट सूत रंगावर कधीच नको. त्यात खळीचे कण, काड्या, काय काय असतं. हात पुसायला ठीक.

गृहोद्योग_टॉवेल
सोलापुरी टेरी टॉवेल चालेल का? घरात ढीग आहे.

काळी_माती
धुतल्यावर पाणी टिपायला चालेल, पण दोन-तीनदा धुतलेला घ्या. कोरा टॉवेल पाणी ओढत नाही आणि तंतू सोडतो. काठ कापून टाका, शिवणीचा कडक दोरा चरा पाडतो. पॉलिश पुसायला मात्र मायक्रोफायबरच. तो नसेल तर जुन्या बनियनचं होजिअरी कापड.

वॉटरपेपर
आता पांढरट टोकं. सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना. उन्हाळ्यात उभ्या गाडीचा पत्रा साठ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा कंपाउंड लावल्या लावल्या वाळतं आणि त्याचे कोरडे कण रंग खरवडतात.

रबिंग कंपाउंड दोन प्रकारांत मिळतं. जाडं ब्राऊन पेस्टवालं जुन्या एकेरी रंगासाठी, ते तुम्हाला नको. क्लिअरकोटसाठीचं बारीक कंपाउंड मागा. वाटाण्याएवढं फोमच्या पॅडवर घ्या. एका वेळी वीतभर जागा, त्याच्या पुढे नाही. सुरुवातीला मध्यम दाब, आडवं-उभं, दोन मिनिटं, मग दाब कमी करत आणा. पुसा, बघा. तीन फेऱ्यांत ओरखडा जेवढा कमी झाला तेवढाच होणार.

उरला तर २५०० चा वॉटर पेपर, म्हणजे ओला घासायचा पॉलिश पेपर. नंबर मोठा तितका तो बारीक. आधी पेपर दहा मिनिटं भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकलेल्या पाण्यात भिजवा. खोडरबराला गुंडाळा, बोटाने दाबून घासू नका. बोटाचा दाब सारखा पडत नाही आणि रंगात लांब खळगे होतात. एकाच दिशेने आठ-दहा हात, मग पुसून बघायचं. जागा एकसारखी मॅट दिसली की थांबा. मग ३००० चा पेपर आडव्या दिशेने, मग कंपाउंड, मग बारीक पॉलिश. ओरखड्याची तळाची रेघ थोडी राहिली तर राहू द्या. तिच्या कडा गोल झाल्या की प्रकाश तिथे अडकत नाही, दोन हातांवरून कुणाला दिसत नाही.

दाराची उठावाची रेघ आणि कडा यांवर आधीच मास्किंग टेप लावा. धारेवर रंग मुळातच पातळ बसलेला असतो, चार हातांत प्रायमर दिसतो.

बाळीवेस
मशीन भाड्याने मिळतं की. हाताने कोण घासत बसणार?

वॉटरपेपर
मिळतं ते बहुतेक रोटरी असतं, एकाच आसावर गरगर फिरणारं. एका जागी पाच सेकंद थांबलं तर क्लिअर भाजतो. ड्युअल ॲक्शन मिळालं तर वापरा, ते डोलत फिरतं, उष्णता साठत नाही. फूटभर ओरखड्यासाठी हातच बरा. ड्रिल मशीनला पॅड लावून तर अजिबात नको, त्याचा वेग आणि कोन दोन्ही हातात राहत नाहीत.

चाटी_गल्ली
दार आधी कधी रंगवलंय का हे कसं ओळखायचं? सेकंडहँड गाडीवाल्यांसाठी विचारतोय.

रंगाचा_डबा
दाराच्या आतल्या बाजूला, बिजागरीपाशी, कापसाच्या बोळ्याला एनसी थिनर लावून दहा सेकंद टेकवा. बोळ्यावर रंग उतरला किंवा जागा चिकट झाली तर तो एनसी रंग, म्हणजे थिनर उडून वाळणारा. कंपनीचा भट्टीतला किंवा हार्डनरवाला पीयू रंग उतरत नाही. एनसी रंगावर थिनर, पेट्रोल काहीच चालवू नका.

दुसरी खूण: पांढऱ्या कपड्यावर थोडं कंपाउंड घेऊन घासा. कपड्यावर गाडीचा रंग आला तर वर क्लिअर नाहीच, किंवा होता तो संपला. मालवाहू गाड्यांचा आणि जुन्या साध्या पांढऱ्या गाड्यांचा रंग असा एकेरी असतो. तिथे कपड्यावर रंग येणारच, घाबरायचं नाही. सिल्व्हरवर कपडा राखाडी झाला तर मात्र तिथेच हात थांबवा.

जुळे_सोलापूर
आज बघितलं. टोकं पाण्याने गायब होतात, मधलं होत नाही. थिनरने काही उतरलं नाही. टचअपचा रंग कुठला घ्यायचा? दुकानात नुसतं सिल्व्हर म्हटलं तर चार बाटल्या दाखवतात.

रंगाचा_डबा
नुसत्या सिल्व्हरवर कधीच घेऊ नका मालक. कोड घ्या. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर, नाहीतर बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. मारुतीत झेड२एस म्हणजे सिल्की सिल्व्हर, २६यू म्हणजे सुपिरियर व्हाइट, असे दोन-चार अक्षरांचे असतात. रंग मिसळणारा दुकानदार कोड टाकून ग्रॅममध्ये वजन करून देतो. तुमच्या कामाला ५० मिली बेसकोटसुद्धा जास्त होईल, पण त्याहून कमी कुणी मिसळून देत नाही, कारण एखाद्या टिंटचा थेंब कमी-जास्त झाला की शेडच बदलते.

कोड बरोबर असूनही शेड हलते. एकाच कोडच्या कारखान्यातच दोन-तीन छटा निघतात, आणि आपल्याकडचं ऊन वरून. म्हणून पेट्रोलच्या झाकणाची बाहेरची पाकळी काढता येत असेल तर ती घेऊन जा. आधी तिला पॉलिश मारा, नाहीतर वरच्या जुनाट थराशी रंग जुळवला जातो आणि पॉलिश केलेल्या दारावर तो वेगळा दिसतो.

शेड बघायची ती उन्हात एकदा, सावलीत एकदा. समोरून आणि तिरकं, दोन्हीकडून. दुकानातल्या ट्यूबखाली जुळलेला सिल्व्हर घरी आल्यावर निळसर निघतो. कार्डावर प्रत्यक्ष लावून, वर क्लिअर देऊन, वाळल्यावरच बघा. ओला बेसकोट आणि वाळलेला बेसकोट यांत फरक असतो.

अजून एक, नाराज होऊ नका. सिल्व्हर हा टचअपला सगळ्यात अवघड रंग. त्यात ॲल्युमिनियमच्या चकत्या असतात. कारखान्यात स्प्रेने त्या आडव्या, सपाट बसतात आणि प्रकाश सरळ परत फेकतात. ब्रशने लावल्यावर कशाही उभ्या-आडव्या बसतात, म्हणून तोच रंग एक छटा गडद दिसतो. साधा पांढरा, लाल यांचं असं नाही. पर्ल व्हाइट याहून वाईट: खाली पांढरा, मधे मोत्याचा थर, वर क्लिअर. एका बाटलीत तो जुळत नाही.

शेळगी_नाका
मग स्प्रेचा डबाच मारावा की. ब्रशचा उद्योग कशाला?

वॉटरपेपर
चार बोटांच्या जागेला नको. स्प्रे मारला की त्याभोवतीची चांगली जागाही घासावी लागते, आणि क्लिअर दाराच्या कडेपर्यंत न्यावाच लागतो. दाराच्या मधोमध क्लिअर संपवला तर तिथे रेघ दिसते आणि वर्ष-दोन वर्षांत तिथूनच तो सुटायला लागतो. चार बोटांचं काम अख्ख्या दाराचं होतं. टचअपची रेघ जवळून दिसेल, लांबून दिसणार नाही. बिघडली तर थिनरच्या बोळ्याने पुसून परत करता येते. बिघडलेला स्प्रे असा पुसून जात नाही.

कृती सांगतो.

पत्र्याच्या टिकलीपासून सुरू करा. तपकिरी झालं असेल तर ब्लेडच्या टोकाने किंवा ४०० च्या पेपरची सुपारीएवढी घडी करून पत्रा चमकेपर्यंत खरवडा. भोवतीचा रंग सुटा असेल तर तोही काढा, नाहीतर गंज खालून पुढे सरकतो. खड्ड्यात गंज राहिलाच तर फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर काडीने लावा, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ ठेवा, जास्तीचं ओल्या कपड्याने पुसा, कोरडं करा. ते चांगल्या रंगावर सांडलेलं राहू देऊ नका.

मग तेल-मेण काढायचं. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. घरातला सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. या पुढे त्या जागेला बोट लावायचं नाही.

प्रायमर एपॉक्सी किंवा झिंक फॉस्फेटचा, फक्त उघड्या पत्र्यावर. टूथपिकच्या टोकाने, पातळ. ईडी कोट किंवा जुना प्रायमर शाबूत आहे तिथे परत प्रायमर लागत नाही, नुसती जाडी वाढते. वाळल्यावर बेसकोट. बाटली दोन मिनिटं हलवा, आतल्या गोळीचा आवाज येऊ द्या, चकत्या तळाला बसलेल्या असतात. झाकणातला ब्रश जाडा असतो, तो बाजूला ठेवा. शून्य नंबरचा चित्रकलेचा ब्रश घ्या. खाचेतच भरायचा, कडेवर चढवायचा नाही. पातळ दोन-तीन हात, दोन हातांच्या मधे अर्धा तास. एकदम थेंब भरला तर वरची साय वाळते, आतला थिनर अडकतो आणि महिन्याभराने खड्डा पडतो किंवा फोड येतो.

बेसकोट कडेपेक्षा किंचित खाली राहू द्या. तिथून वर क्लिअर भरायचा, दोन-तीन हात, शेवटी कडेपेक्षा थोडा उंच. वाळताना तो आकसतो. मग आठ दिवस हात लावू नका. आठ दिवसांनी उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना टेप लावून २०००, टेप काढून ३०००, कंपाउंड. बेसकोटला मात्र पेपर लावायचा नाही कधी. मेटॅलिकच्या चकत्या कापल्या गेल्या की तिथे काळा डाग पडतो, तो क्लिअरखालूनही दिसतो.

विजापूर_रोड
घरी गेटाचा रेड ऑक्साइड उरलाय. पत्र्यावर तोच लावला तर? लोखंडालाच असतो ना तो.

रंगाचा_डबा
गेटाला लावा. तो तेलावरचा रंग, आतपर्यंत वाळायला फार वेळ घेतो. त्यावर गाडीचा रंग चढला की त्यातला थिनर रेड ऑक्साइडला फुगवतो आणि सगळं सुरकुततं. सुरकुतलं की खालपर्यंत खरवडण्याशिवाय उपाय नाही.

गड्डा_यात्रा
हवामानाचं कोणी बोलेना. कुठल्या महिन्यात करावं?

काळी_माती
आपल्याकडे दिवाळीनंतरचे महिने उत्तम. हवा कोरडी, दुपारचं तापमान तिशीच्या आत-बाहेर. वीस ते तीस अंश हे रंगाचं सुखाचं तापमान. एप्रिल-मे मध्ये करायचंच असेल तर सकाळी सहा ते आठ. त्यानंतर थिनर इतक्या झटकन उडतो की स्प्रेचे कण वाटेतच अर्धे वाळतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. त्याच कारणाने दुपारी वारं सुटलं की स्प्रेचा डबा उचलूच नका. हिवाळ्यात पहाटे दव असतं, तेव्हा नऊ-दहा वाजू द्या.

पावसाळी दमट दिवशी वेगळाच त्रास. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ तिथे पाणी होऊन बसते आणि रंग पांढुरका पडतो. एनसीवर जास्त दिसतं. कोरड्या दिवशी वरून रिटार्डर, म्हणजे सावकाश उडणाऱ्या थिनरचा हलका फवारा दिला तर बऱ्याचदा जातं. नाहीतर वाळवून, घासून परत.

शेडमध्ये आधी जमिनीवर पाणी शिंपडा, धूळ बसते. चिखल करू नका म्हणजे झालं. आणि पंखा बंद.

जुळे_सोलापूर
बंपरचं राहिलं.

लांबीवाला
बंपरवर काळं दिसतं ते प्लास्टिक. गंजत नाही, त्यामुळे घाई नाही, पावसाळा काढला तरी चालतो.

पहिल्यांदा बघा, ते खरंच खाली गेलंय का वर चढलंय. भिंत, खांब, दुसऱ्या गाडीचा बंपर यांचा रंग आपल्यावर बसतो आणि ओरखड्यासारखा दिसतो. कंपाउंडने घासा. निम्मं काम तिथेच संपतं अनेकदा.

खरंच प्लास्टिक उघडं असेल तर बंपरचं प्लास्टिक बहुतेक पॉलिप्रोपिलीन असतं आणि त्याला रंग चिकटत नाही. त्यासाठी वेगळा प्लास्टिक प्रायमर, ॲडहिजन प्रमोटर म्हणून मिळतो. पारदर्शक असतो, एक-दोन पातळ फवारे, आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेच्या आत त्यावर पुढचा थर. तो टाळला तर रंग दिसायला झकास होतो आणि सर्व्हिसिंगला प्रेशरचं पाणी मारलं की पापुद्रा निघून येतो. रस्त्यावर असे बंपर रोज दिसतात.

घासताना ३२० पेक्षा जाडा पेपर नको. प्लास्टिकला लव सुटते, ती रंगाखाली उभी राहते. सुटलीच तर नव्या ब्लेडने अलगद तासा.

लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरायची असेल तर बंपरला लवचीक, प्लास्टिकसाठीचीच. पत्र्याची साधी पॉलिस्टर लांबी बंपर वाकला की तडकते.

चिंचोळी_एमआयडीसी
लांबीचं प्रमाण सांगा ना. हार्डनर किती?

लांबीवाला
१०० ग्रॅम लांबीला २ ग्रॅम हार्डनर. थंडीत ३ पर्यंत. मे महिन्यात दीड ते २, आणि एका वेळी लिंबाएवढीच कालवा, कारण चार-पाच मिनिटांत ती घट्ट होते. घट्ट व्हायला लागली की टाकून द्या. थिनर घालून पातळ केली तर ती पत्र्यावर धरत नाही. हार्डनर जास्त घातला म्हणजे पक्की होते हा गैरसमज आहे. जास्तीचं पेरॉक्साइड वर येतं आणि काही महिन्यांनी पांढऱ्या-सिल्व्हर रंगात पिवळे डाग दिसतात.

जाडी दोन-तीन मिलिमीटरच्या वर नको. जास्त खड्डा असेल तर आधी डेंटिंग. पॉलिस्टर लांबी कोरडीच घासा, ८० ने सुरू करून १८०, ३२०. ती टाल्कची असते, पाणी पिते. ओली घासून वरून लगेच प्रायमर मारला तर ते पाणी आत राहतं आणि पहिल्याच उन्हाळ्यात फोड. वॉटर पेपरचं काम प्रायमरनंतर.

एनसी पुट्टी ट्यूबमध्ये मिळते, ती फक्त टाचणीच्या भोकांना आणि पेपरच्या रेघांना. जाड भरली तर आकसत राहते. जुळे_सोलापूर, तुमच्या दाराला मात्र कुठलीच लांबी लागत नाही. कोणी भरायची म्हणालं तर का ते विचारा.

बुलेट_अशोकचौक
आमच्या टाकीवर चाव्यांच्या जुडग्याने चरे पडलेत. हेच सगळं चालेल का? टाकी काळी, वर सोनेरी रेघ.

वॉटरपेपर
रेघ हाताने मारलेली असेल किंवा स्टिकर क्लिअरच्या वर असेल तर कंपाउंड तिच्यावर नेऊ नका, टेप लावा. नखाला कड लागते का बघा. कड लागली नाही तर रेघ क्लिअरच्या खाली आहे, हलकं पॉलिश चालेल.

टाकीला डब्यातला साधा क्लिअर वापरू नका. तो हार्डनरशिवायचा, पेट्रोलचा ओघळ आला की मऊ पडतो, चिकटतो, पिवळा होतो. तिथे हार्डनरवाला टू-के क्लिअरच लागतो. आणि तो घरी मारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, श्वासातून गेलं तर कायमचा दमा लागू शकतो. कापडी मास्क, रुमाल यांनी ते अडत नाही. ते काम बूथमध्ये, हवा देणाऱ्या मास्कने करायचं. टाकी काढून पेंटरकडे द्या. आधी पेट्रोल रिकामं करा, तेही शेगडी-देवघरापासून लांब.

आणि मॅट रंगाच्या गाड्यांना यातलं काहीच लागू नाही. मॅटला कंपाउंड लागलं की तिथे चकाकी येते आणि ती परत जात नाही.

शेळगी_नाका
डब्याने मारायचंच ठरवलं एखाद्याने, तर? बंपरचा कोपरा तरी?

वॉटरपेपर
बंपरचा कोपरा डब्याला योग्य जागा आहे. एका बाजूला चाकाची कमान, एका बाजूला दिव्याची कड, क्लिअर संपवायला नैसर्गिक रेघा मिळतात. दोन इंच भोवती ६०० ने, त्याच्या बाहेर क्लिअर जिथपर्यंत न्यायचा तिथपर्यंत १००० ने मॅट करा. चमक राहिलेल्या जागेवर क्लिअर धरत नाही. प्रमोटर, मग प्रायमर दोन-तीन हात, मग ८०० ने ओलं घासून सपाट. मग बेसकोट तीन-चार हलके हात, वीतभर अंतरावरून, दोन हातांत दहा मिनिटं. फवारा बंपरच्या बाहेर सुरू करा आणि बाहेरच सोडा, नाहीतर सुरुवातीच्या जागी थेंब पडतात. प्रत्येक हात आधीच्यापेक्षा थोडा पुढे न्यायचा म्हणजे शेडची कड विरते. पहिल्या हातात झाकलं गेलं नाही तरी चालतं. तिथेच घाई केली की ओघळ येतो.

मास्किंग टेपची कड सरळ चिकटवू नका, मागे दुमडून ठेवा. दुमडलेल्या टेपखाली रंग धूसर संपतो, धार राहत नाही. पार्किंग सेन्सर असतील तर काढा किंवा झाका, त्यांच्यावर जाड थर बसला की ते चुकीचं वाजतात.

क्लिअर त्याच दिवशी, बेसकोट हाताला कोरडा लागल्यावर तासाभरात. दोन हलके, एक जरा ओला. ४०० मिलीचा डबा चार हातांत अर्ध्या दाराएवढ्या जागेला जेमतेम पुरतो, कोपऱ्याला एक बास. डबा गार असेल तर कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, उकळत्या नाही आणि गॅसवर तर नाहीच.

बाळीवेस
स्प्रे मारल्यावर रंगात गोल गोल खड्डे पडतात, खालचं दिसतं. डबा खराब असतो का?

रंगाचा_डबा
डबा नाही, तेल. त्याला फिश आय म्हणतात. टायर चकाचक करायचं सिलिकॉन, डॅशबोर्डचं पॉलिश, खोबरेल लावून लपवलेला ओरखडा, हाताला लागलेली शेंगा चटणी, काहीही. तेवढ्या जागी रंग फाकतो. वरून आणखी फवारा मारून ते भरत नाही. वाळवा, घासा, अल्कोहोलने पुसा, परत. म्हणून ओरखडे घालवणारे तेलकट चमत्कारी फडके विकतात ते रंगकामाच्या आधी वापरू नका. ते ओरखडा भरत नाहीत, फक्त पुढच्या धुण्यापर्यंत झाकतात.

सातरस्ता
इन्शुरन्समध्ये करून घेतलं तर? झिरो डेप आहे, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी.

चाटी_गल्ली
होतं, पण नो क्लेम बोनस बघा. पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५०. ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा क्लेम केला की शून्यावर. शिवाय १५०० सीसीपर्यंत सक्तीचे १००० रुपये आपल्या खिशातून, झिरो डेप असला तरी. तुमचा बोनस ५० वर असेल तर एका दारासाठी परवडत नाही. बंपर, दार, फेंडर असं तीन-चार ठिकाणचं एकाच अपघातातलं असेल तर हिशेब बदलतो.

जुळे_सोलापूर
समजलं. दार टचअपने, बंपरचा कोपरा आधी कंपाउंड लावून बघतो आणि खरंच प्लास्टिक असेल तर डबा. एक शंका: टचअपनंतर आठ दिवस गाडी वापरू का? आणि बोअरचं पाणी लागलं तर?

काळी_माती
वापरा. दोन दिवस पाणी नको, उघड्या उन्हात पाच-सहा तास नको, आणि महिनाभर वॅक्स किंवा सिरॅमिकचा थर नको. आत उरलेला थिनर बाहेर पडायला वाट पाहिजे. लिंबाखाली, चिंचेखाली लावू नका. पाखरांची घाण ताज्या क्लिअरमध्ये एका दुपारीत खड्डा करते. बोअरचं पाणी घासायला चालतं, पण अंगावर वाळू देऊ नका. क्षाराचे पांढरे गोल उठतात. उठलेच तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समभाग, कपड्याने मिनिटभर, मग साध्या पाण्याने धुवा. टचअप पुरतं कडक होईपर्यंत त्याच्यावर मात्र व्हिनेगर नेऊ नका.

रंगाचा_डबा
आणि उरलेला बेसकोट फेकू नका मालक. छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका, बाटलीवर कोड आणि तारीख. उसाचा हंगाम सुरू झाला की बॉनेटवर खडीचे टोचे पडतातच, तेव्हा काडीने एकेक थेंब तोच लागेल.